वायरमनबाईचं माहेर

आमच्या नणंदबाईंना सगळा परिसर 'वायरमनबाई' म्हणतो. एकदा एका गिऱ्हाइकाने आदराने 'इलेक्ट्रिशियन मॅडम' अशी हाक मारली, तर त्यांनी मागे वळून बघितलं, दुसरं कुणी आलंय की काय म्हणून. मी त्यांना ताई म्हणते. माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. लग्न केलं नाही, करावंसं वाटलं नाही, आणि कुणी 'का' म्हणून विचारलंच तर त्याच्याच घरातल्या फ्यूजची चौकशी सुरू करतात. दोन गल्ल्या पलीकडे एका खोलीत एकट्या राहतात. बोलणं मोजकं, चहा भरपूर.

काम एकच, जुन्या घरांचं वायरिंग बदलायचं. नव्या इमारतीत कुणी बोलावलं तर जात नाहीत. "तिथे काय बघायचंय? सगळं नकाशात असतं," म्हणतात. तरुणपणी पंप आणि पंख्यांच्या मोटारी वाइंडिंग करणाऱ्या दुकानात तारेचे वेढे भरायला बसायच्या. तिथे करंटशी ओळख झाली, मग परीक्षा दिली, लायसन काढलं, आणि स्वतःची शिडी घेतली. ती शिडी अजून आहे. तिच्यावर दुसऱ्या कुणी पाय ठेवला तर खैर नाही.

मला मेलीला एक खोड आहे, दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायची. सकाळी मी चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असते, दुपारनंतर मोकळी. असंच एकदा दुपारी मी ताईंच्या मागे लागले, मला तुमचं काम बघायचंय. त्या म्हणाल्या, "चल. पण मध्ये मध्ये बोलायचं नाही." मी कबूल केलं. आता मी आणि मध्ये न बोलणं, ते कितपत जमणार होतं ते त्यांनाही माहीत होतं.

घर एका निवृत्त मास्तरांचं होतं. मला वाटलं, ताई गेल्या गेल्या बोर्ड उघडतील, स्क्रू काढतील, टेस्टर लावतील. कसलं काय! बाई सरळ स्वयंपाकघरात जाऊन स्टुलावर बसल्या आणि चहा मागितला. पिशवी दाराशीच. मास्तरांची बायको चहा करत होती आणि ह्या तिच्या हातांकडे टक लावून बघत होत्या. मलाच अवघडल्यासारखं झालं. मग कप हातात आल्यावर विचारलं, "पाहुणे आले की त्यांना काय सांगता?"

"काय सांगणार? बसा म्हणते," मास्तरीणबाई बुचकळ्यात पडल्या.

"ते नव्हे हो. इथे हात लावू नका, तिथे जपून, असं काही?"

"हां, तसं म्हणजे..." आणि जी सुरुवात झाली ती थांबेचना. बाथरूमचा दिवा कोपराने लावायचा. मिक्सर लावायचा तर टीव्ही बंद करायचा. मधल्या खोलीतला पंखा सुरू झाला नाही तर बोर्डावर एक चापट मारायची, पण जोरात नाही. गीझर चालू असताना नळाला हात नाही. बाई सांगत होत्या आणि मास्तर पाठीमागून भर घालत होते. दोघं इतक्या कौतुकाने सांगत होते, जसं काही नातवाच्या खोड्याच.

बाहेर आल्यावर मी पोट धरून हसले. ताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "अगं, माणसं दोष दुरुस्त करत नाहीत. त्याला वळसा घालायला शिकतात. मग वळसा अंगवळणी पडतो आणि दोष दिसेनासा होतो. घरच्यांना विचारलं, काही त्रास आहे का, तर छे म्हणतात. पाहुण्यांचं विचारलं की सगळं बाहेर पडतं." मग चालता चालता त्यांनी एकेक घर सांगितलं. एक आजोबा फ्रिज लाकडी उलथन्याने उघडायचे. एका घरात गेली कित्येक वर्षं कुणी बल्ब बदललाच नव्हता, कारण स्विच बंद केला तरी होल्डरमध्ये करंट राहायचा. कुणीतरी कधीकाळी तारा उलट्या जोडल्या होत्या आणि स्विच नको त्या तारेवर बसला होता. आणि एक गृहस्थ तर छाती काढून म्हणाले होते, आमच्याकडे शॉक फक्त पाहुण्यांनाच लागतो!

त्या दिवसापासून मला त्या कामाचं वेडच लागलं. बंद भिंतीच्या आत काय चाललंय हे ताई घरातल्या माणसांच्या हातापायांवरून कसं ओळखतात, ह्याचं मला भारी नवल वाटायचं. कुणाच्याही घरी गेले की मी आपली बघत बसायची, कोण कुठे दबकतंय, कोण कुठे कोपर वापरतंय. नवरा म्हणायचा, तू लोकांकडे जेवायला जातेस की पंचनामा करायला?

आणि एवढं सगळं करून आपल्या घराचं काय? ऐका.

आमचं घर जुन्या घरांच्या एका रांगेत आहे. पुढची खोली, स्वयंपाकघर, मागची खोली, तिला लागून बाथरूम, मग छोटं अंगण आणि अंगणाला मागच्या बोळात उघडणारं फाटक. हे घर सासूबाईंचं. ताई आणि माझा नवरा इथेच वाढले. वायरिंग सासऱ्यांच्या वेळचं, भिंतीवर लाकडी पट्ट्या मारून त्यात कापडी वेष्टणाच्या तारा घातलेल्या, आणि काळे, गोल, टोपीच्या गुंडीसारखे स्विच. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मला सगळं शिकवलं. फ्रिजला हात लावण्याआधी चपला घालायच्या, त्यासाठी स्वयंपाकघरात दाराशी रबरी चपलांचा एक जोड कायमचा. गीझर आधी बंद, मग नळ. मागच्या खोलीतला बोर्ड ओल्या हाताने नाही. मी शिकले. आणि शिकून विसरलेसुद्धा. म्हणजे करत सगळं होते, पण करतेय हे विसरले. दुसऱ्याच्या घरात कोपर दिसला की मला हसू यायचं, आणि घरी येऊन मी निमूटपणे चपला घालून दूध काढायची. आहे की नाही कमाल?

सासूबाई म्हणजे कडक बाई. त्यांच्या घरात त्यांच्या शिस्तीबाहेर चमचा हलायची बिशाद नव्हती. पण गेल्या वर्षापासून त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी भाजीत मीठ दोनदा, मग तीच गोष्ट पुन्हा पुन्हा, मग मला कधीकधी शेजारीण समजायला लागल्या. डॉक्टरांनी सांगितलं, हे कमी होणारं दुखणं नाही, सांभाळायचं. आम्ही सांभाळत होतो. संध्याकाळी मात्र नाकी नऊ यायचे. दिवस कलला की त्या मागच्या खोलीत जायच्या, दारालगतच्या कोऱ्या भिंतीसमोर उभ्या राहायच्या आणि एका ठिकाणी बोट दाबत बसायच्या. "लागत नाही, लागत नाही," एवढंच पुटपुटत. मग रडकुंडीला यायच्या. मी समजूत घालायची, "आई, काय लागत नाही?" तर माझ्याकडे अशा बघायच्या की जणू मीच काहीतरी लपवून ठेवलंय. आम्ही ते दुखण्याच्या खात्यावर टाकलं आणि सोडून दिलं.

एका सकाळी मी दुकानात जायची तयारी करत होते, तर स्वयंपाकघरातून धप्प असा आवाज आला. धावत गेले. सासूबाई फ्रिजसमोर ओल्या फरशीवर बसलेल्या. पाय अनवाणी. उजवा हात छातीशी धरलेला, आणि डोळ्यांत नुसतं आश्चर्य. मला म्हणाल्या, "कुणी मारलं गं मला?"

मी खाली बघितलं. चपला दाराशीच होत्या, जशा रोज असतात तशा, जागच्या जागी. ज्या बाईने आम्हाला सगळ्यांना त्या घालायला लावल्या, ती स्वतःच त्या विसरली होती.

दवाखान्यात नेलं, हृदयाचा आलेख काढला, सगळं ठीक निघालं. जीव भांड्यात पडला. पण घरी आल्यावर नवरा एकदम म्हणाला, "आता पुरे. आईला एखाद्या संस्थेत ठेवू या. तिथे चोवीस तास माणसं असतात. इथे एक दिवस फ्रिज, दुसऱ्या दिवशी गीझर. आपण दोघं कामावर. कुठे कुठे पुरणार?" तो वाईट बोलत नव्हता. रडतच बोलत होता बिचारा. पण मला माहीत होतं, त्या घराबाहेर सासूबाई म्हणजे पाण्याबाहेरची मासोळी. आज वार कोणता ते त्यांना सांगता यायचं नाही, पण अंधारात उठून बाथरूमचा स्विच एका दमात सापडायचा. माणसं हातची सुटत चालली होती, पण घर अजून त्यांच्या हातात होतं.

मी ताईंना फोन केला आणि तोंडाचा पट्टा सोडला. लोकांच्या घरी जाऊन चहा पिता, पाहुण्यांना काय सांगता विचारता, आणि स्वतःच्या आईच्या घरात फ्रिज करंट मारतो ते दिसलं नाही? काय काय बोलले देव जाणे. त्या दहा मिनिटांत दारात हजर.

"आपल्या घरात तसं काही नाही गं," आत येता येता त्या म्हणाल्या. "मीच बघत आलेय ना इतकी वर्षं. पंखे मीच दुरुस्त करते. मेन स्विच मीच बदलला." बोलत बोलत स्वयंपाकघरात गेल्या, खिशातून टेस्टर काढला आणि फ्रिजच्या दाराला टेकवला. टेस्टरमधला दिवा लख्ख पेटला. त्या वळून माझ्याकडे काहीतरी बोलणार होत्या, तेवढ्यात माझं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं.

"ताई," मी म्हणाले, "पायात काय आहे ते बघा."

त्यांनी बघितलं. दाराशी स्वतःची चप्पल काढून, स्वयंपाकघरातली रबरी चप्पल चढवून मग त्या फ्रिजपाशी गेल्या होत्या. लहानपणापासून जशा जायच्या तशाच. त्या तिथेच स्टुलावर बसल्या. मग एकदम म्हणाल्या, "मी इथे कधी पाहुणी म्हणून आलेच नाही गं. मला कोण काय सांगणार?" माझा राग तिथेच विरघळला. बाईचा चेहरा बघवत नव्हता.

दुसऱ्या दिवशी रीतसर तपासणी झाली. निघालं ते ऐकून नवऱ्याने कपाळाला हात लावला. अर्थिंग म्हणजे बिघडलेल्या मशीनमधला करंट जमिनीत वाहून नेणारी तार. ती अंगणात गंजून केव्हाच तुटली होती. प्लगच्या तिसऱ्या भोकात नुसतीच हवा. आतल्या जुन्या बोर्डातला फ्यूज सारखा उडतो म्हणून सासऱ्यांनी कधीतरी त्यात चांगली जाडजूड तार घालून ठेवली होती. म्हणजे फ्यूज आता कधी उडणारच नव्हता, आधी घर पेटलं असतं. तारांवरचं कापड हात लावला की गळून पडत होतं.

"सगळं काढून नवं करायचं," ताई म्हणाल्या. "अर्थिंग नवं. आणि गळतीवर ट्रिप होणारा स्विच. करंट जेवढा गेला तेवढा परत आला नाही, जरासा जरी माणसाच्या अंगातून जमिनीकडे निघाला, की हा क्षणात सगळं बंद करतो. मग आई अनवाणी येऊ दे, ओल्या हाताने येऊ दे."

"मग अडलंय कुठे?" नवऱ्याने विचारलं. "लाव ना. आई सुरक्षित राहणार असेल तर मी संस्थेचं नावसुद्धा काढणार नाही."

घोडं कुठे पेंड खात होतं ते ताईंनाच कळलं होतं. नियमाप्रमाणे बाथरूममधला स्विच बाहेर न्यायला हवा होता, सिंकजवळचा बोर्ड लांब. जागा बदलल्या तर घर सुरक्षित होईल, पण मग सासूबाईंना ते आपलं वाटेल का? ताईंनी आधी मागच्या खोलीत एकच नवा चपटा स्विच लावून बघितला. संध्याकाळी सासूबाई आल्या, त्यांनी त्या गुळगुळीत पाटीवरून बोटं फिरवली, पुन्हा फिरवली, आणि तशाच अंधारात उभ्या राहिल्या. मग मला हळूच विचारलं, "हे कुणाचं घर आहे हो? आपण निघू या का?" त्या मला अहो-जाहो करत होत्या. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

तो स्विच ताईंनी लगेच उतरवला. आणि मग त्यांनी जे केलं ते मी आजवर कुठल्या वायरमनला करताना पाहिलं नाही. हातात खडू घेतला आणि आईच्या मागे मागे फिरायला लागल्या. सकाळ-संध्याकाळ, कामधंदा सोडून. आई जिथे भिंतीला हात लावेल तिथे, तिची पाठ वळली की, खडूची एक फुली. मी दुकानातून आले की मला नव्या फुल्या दाखवायच्या. बघता बघता सगळं घर फुल्याफुल्यांचं झालं. कुठे हात स्विच शोधत जातो, कुठे नुसता आधाराला टेकतो, कुठल्या उंचीवर, डावा की उजवा. बाथरूमच्या दारातून आत वळताना डावा हात आपोआप वर जायचा, स्विचच्या बरोबर जागी. आम्ही दोघी त्यावर तासन्‌तास बोलायचो. खरं सांगायचं तर एवढ्या काळजीतही मला त्यात मजा येत होती. सासूबाईंच्या डोक्यात आता काय उरलंय ते कुणालाच सांगता येत नव्हतं, पण हातांना काय काय ठाऊक आहे ते भिंतीवर उमटत होतं.

मागच्या खोलीतल्या त्या कोऱ्या भिंतीवरसुद्धा फुली होती. तिच्यापुढे ताईंनी प्रश्नचिन्ह काढलं होतं.

मग काम सुरू झालं. भिंतीत झिऱ्या मारल्या, पाइप घातले, नव्या तारा ओढल्या. गोल स्विचसाठी ताईंनी सगळा बाजार पालथा घातला आणि शेवटी जुन्या धाटणीचे, पण आतून नवेकोरे, असे मिळवलेच. बाथरूममधला स्विच जागेवरून हलवला नाही, पण त्यात आता घंटीच्या बटणाला असतो तेवढाच जेमतेम करंट. तो बाहेरच्या पेटीला नुसती खूण करतो, आणि दिवा लावणारा खरा करंट लांब, त्या पेटीतच. नवरा म्हणाला, "ताई, एवढी उस्तवार कुठल्या गिऱ्हाइकाची केली होतीस गं?" त्या म्हणाल्या, "गिऱ्हाइकाने मला जन्म दिला नव्हता."

जुना बोर्ड उतरवायच्या दिवशी मात्र एक गंमत झाली. ताई एक-एक तार ओळखून सोडवत होत्या. ही पुढच्या खोलीची, ही पंख्याची, ही सिंकजवळची. सगळ्यांचा हिशेब लागला आणि एक तार उरली. तिच्यात करंट होता. ती बोर्डातून निघून मागच्या खोलीच्या दिशेने भिंतीत शिरत होती आणि पुढे गडप. घरातला प्रत्येक दिवा, प्रत्येक प्लग बघून झाला. ह्या तारेला कुणी वारसच नाही.

"हिचं सासर कुठलं?" ताई शिडीवर बसून डोकं खाजवत म्हणाल्या.

आणि माझी ट्यूब पेटली. "ताई, ती फुली! आई रोज बोट दाबतात ती!"

त्या शिडीवरून कशा उतरल्या मला माहीत नाही. मेन स्विच बंद केला, छिन्नी घेतली आणि प्रश्नचिन्हाशेजारी हलकेच ठोकायला सुरुवात केली. गिलावा ओलसर होता, पलीकडे बाथरूम ना. पापुद्रे निघाले, आणि बोटभर आत एक गोल लाकडी ठोकळा दिसला. त्यातून दोन तारांची टोकं बाहेर आलेली, पीळ घालून, वरून कापडी टेप गुंडाळून, टेप कुजलेली. कुणीतरी स्विच काढला होता आणि तारा न तोडता तशाच गिलाव्यात पुरून टाकल्या होत्या. ताई रबरी चटईवर उभ्या राहिल्या, मला मेन चालू करायला सांगितलं, आणि टेस्टर टेकवला. पेटला.

रोज संध्याकाळी, रोज, सासूबाई ह्या ओल्या भिंतीवर बोट दाबत होत्या. आणि आम्ही म्हणत होतो, दुखणं आहे, काय करणार. त्या बाईला सगळ्या घरातली सगळ्यात घातकी जागा बरोबर माहीत होती.

"इथे स्विच होता," ताई त्या खड्ड्याकडे बघत म्हणाल्या. "बाहेरच्या दिव्याचा असणार. अंगणात, दारावर. बोळात खांबाचा दिवा आला तेव्हा बाबांनी काढून टाकला असेल. मला काही नीट आठवत नाही." मग अंगणात जाऊन त्यांनी दाराच्या वरची भिंत चाचपली. रंगाच्या थरांखाली दिवा टांगायचा एक गंजलेला आकडा निघाला.

"बुजवून टाकायचं ना आता?" मी विचारलं.

"का म्हणून? आई तिथे बोट दाबते. दाबल्यावर काहीतरी लागायला नको?"

संध्याकाळपर्यंत काम संपलं. त्या जागी एक काळा गोल स्विच बसला, अंगणात दारावर एक दिवा. ट्रिप होणारा स्विच मुद्दाम तीनदा पाडून बघितला, तिन्ही वेळा क्षणात पडला. नवरा कामावरून आला आणि स्वतः अनवाणी, ओल्या पायांनी जाऊन त्याने फ्रिजला हात लावला. मी किंचाळलेच. तो म्हणाला, "आईने लावायच्या आधी मी लावणार होतो." आणि मग बहिणीकडे बघून म्हणाला, "आई इथेच राहील." ताईंनी नुसती मान हलवली. त्यांचे केस सिमेंटने पांढरे झाले होते.

दिवस कलला तशा सासूबाई उठल्या. आम्ही तिघं मागच्या खोलीत श्वास रोखून उभे. त्या आल्या, नेहमीच्या जागी थांबल्या, बोट वर गेलं. खट्. बाहेर अंगणात उजेड पडला.

त्या ओरडल्या नाहीत की चकित झाल्या नाहीत. इतकी वर्षं रोज लागत आल्यासारखा त्यांनी तो दिवा लावला, आणि दाराच्या चौकटीला हात टेकवून बाहेर फाटकाकडे बघत उभ्या राहिल्या. कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या. ताई अगदी त्यांच्या शेजारी होत्या, हातात अजून पेचकस.

"आई, चला, आत बसू या," मी म्हणाले.

"थांब जरा," सासूबाई म्हणाल्या. मग ताईंकडे वळून, एखाद्या परक्या बाईला सांगावं तसं समजावून सांगितलं, "आमची चिमी यायची आहे. मोटारींच्या दुकानात कामाला जाते ना, मागच्या बोळातून येते. अंधारात पाय अडखळतो पोरीचा, म्हणून दिवा लावून ठेवते मी."

चिमी म्हणजे ताई. लहानपणचं नाव. नवऱ्याने तोंड फिरवलं. मला वाटलं ताई आता कोसळतील, आईच्या गळ्यात पडून म्हणतील, अगं मीच ती. पण त्यांनी आईकडे डोळे भरून बघितलं, पेचकस माझ्या हातात दिला आणि पुढच्या दाराने बाहेर निघून गेल्या. मला वाटलं, सहन झालं नाही, घरी गेल्या. मला त्यांचा रागच आला.

आम्ही दाराशी उभे होतो. थोड्या वेळाने मागच्या बोळात पावलं वाजली. फाटकाची कडी निघाली. आणि ताई आत आल्या, अंगणातून, त्या दिव्याखालून, झपाझप चालत, केसांतलं सिमेंट झटकत.

"आले गं आई," त्या म्हणाल्या.

सासूबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. चेहरा असा उजळला, की तसा मी पुन्हा कधी पाहिला नाही. "किती उशीर गं चिमे," त्या म्हणाल्या. "मी आपली केव्हाची उभी आहे."

"काम लांबलं," ताई म्हणाल्या आणि आईचा हात धरून तिला आत घेऊन गेल्या.

आता ताई रोज संध्याकाळी काम आटपून मागच्या बोळातूनच येतात.